द्वारकाबायबरोबर बाहेरचं जेवण

माझ्या अक्षराला कोणी हसू नये. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. ऱ्हस्व कुठं आणि दीर्घ कुठं हे मला आजही नीट कळत नाही, आणि ओळ लिहिता लिहिता खाली घसरते. ही वही नातवाची आहे, अर्धी कोरी राहिली होती म्हणून घेतली. कोणाला दाखवायला लिहीत नाही. पण चुकून कोणाच्या हाती लागलीच, तर चुकांकडे न बघता द्वारकाबायकडे बघावं, एवढंच म्हणणं आहे.

गेल्या महिन्यात मुलगा आणि सून मला हायवेवरच्या एका मोठ्या हॉटेलात घेऊन गेले. जेवण झालं आणि बोलता बोलता माझे हात आपोआप ताटं गोळा करायला लागले. सून म्हणाली, "आई, राहू द्या, तो उचलेल." मी हात मागे घेतले. तेवढ्यात पंचवीस-तीस वर्षांमागचं एक वाक्य आठवलं, "पैसे देऊन भांडी घासायला आलीस का गो?" मला हसू आलं. का हसले ते सुनेला सांगता आलं नाही. म्हणून इथं लिहिते.

नव्वद सालानंतरची ती वर्षं. पेणला गणपतीच्या एका कारखान्यात आम्ही चौघी एका रांगेत बसायचो. साच्यातून मूर्ती निघाली की सांध्यावरच्या रेघा पॉलिश पेपरने घासून काढायच्या आणि मग सफेदा मारायचा, हे आमचं काम. रंग आणि डोळ्यांची आखणी पुरुषांकडे. चौघींत द्वारकाबाय सगळ्यांत मोठी, पन्नाशीच्या आसपासची. ती धरमतरच्या खाडीकडची, मिठागरवाल्यांच्या घरातली. नवरा लवकर गेला, मुलगा लांब कामाला. दुसरी बेबी, आमच्याच आळीतली. तिचा नवरा रमेश रोह्याजवळ धाटावला कंपनीत होता. तिसरी जनी, डोंगराखालच्या आदिवासी वाडीवरून चालत यायची. चौथी मी.

एका शनिवारी हप्त्याचे पैसे हातात पडल्यावर द्वारकाबाय म्हणाली, "मी हिशेब केला. सहा वर्षांची असल्यापासून चुलीपुढं हाय. एवढ्या वर्षांत माझ्या पुढ्यात दुसऱ्यानं ताट आणून ठेवलं ते फक्त लग्नात नि सुतकात. आता आपण बाहेर जेवायचं."

बेबी म्हणाली, "कोणाच्या घरी?"

"घरी नाय. हाटेलात."

त्या काळात आमच्यासारख्या बायका एकट्या हॉटेलात जात नसत. जत्रेत भजी खाणं वेगळं. खुर्चीवर बसून, माणसांसारखं मागवून खायचं, हे ऐकूनच मला घाम फुटला. पण द्वारकाबायने सफेद्याचा एक रिकामा डबा धुऊन आणला. दर शनिवारी प्रत्येकीने दोन रुपये त्यात टाकायचे. महिन्याने जेवढे जमतील तेवढ्यात मिळेल ते खायचं, कधी मिसळ, कधी नुसता वडा आणि चहा. थाळी खायची तर तीन महिने थांबायचं.

मी घरी सांगितलं की कारखान्यात जादा काम आहे. हे तिला कळलं तशी ती काम टाकून उठली. "खोटं बोलून खाल्लेलं अंगाला लागत नाय," म्हणाली आणि संध्याकाळी सरळ आमच्या ओट्यावर येऊन बसली. माझ्या सासूला म्हणाली, "म्हातारे, तुझी सून महिन्यातनं एक टाइम माझ्याबरोबर जेवेल. तुला चालेल ना?" सासूबाई इतक्या गोंधळल्या की हो म्हणून बसल्या. त्यानंतर दर खेपेला द्वारकाबाय एक वडा कागदात बांधून माझ्या हातात द्यायची, "हा म्हातारीचा." पुढे पुढे महिना भरला की सासूबाईच विचारायच्या, "काय गो, या टायमाला लांबलं का?"

पहिल्या दिवशी हॉटेलवाल्याने आम्हाला बघितलं आणि मागच्या फॅमिली रूमकडे बोट केलं. फॅमिली रूम म्हणजे प्लायवूडचं खुराडं, पुढे तेलकट पडदा. पंखा नाही. आम्ही घाम पुसत मिसळ खाल्ली. जेवण झाल्यावर बेबीने आणि मी ताटल्या गोळा केल्या आणि मागच्या मोरीवर जाऊन घासायला बसलो. आम्हाला दुसरं काही सुचलंच नाही. खाल्लं की घासायचं, एवढंच ठाऊक. हॉटेलचा पोऱ्या आ वासून बघत राहिला. तेव्हा द्वारकाबाय मागून आली आणि ते वाक्य बोलली. हातातली ताटली काढून घेतली आणि आम्हाला दंडाला धरून बाहेर आणलं. त्या दिवशी दोन नियम झाले. ताट उचलायचं नाही. आणि पडद्याआड बसायचं नाही.

दुसऱ्या महिन्यात ती सरळ पंख्याखालच्या बाकावर जाऊन बसली. हॉटेलवाला म्हणाला, "मावशी, फॅमिली मागं."

"आमची फॅमिली घरी हाय," ती म्हणाली. "इथं आम्ही गिऱ्हाईक."

आजूबाजूचे पुरुष वळून बघायला लागले. मी हातातला पाव तसाच ताटलीत ठेवला. तिच्या ते लक्षात आलं. उठली, मला आपल्या जागी बसवलं आणि म्हणाली, "तू भिंतीकडं तोंड कर नि खा. भिंत काय बघत नाय." पुढे कित्येक महिने भिंतीकडची जागा माझी. पेणच्या झाडून सगळ्या हॉटेलांच्या भिंती मला पाठ झाल्या होत्या.

तिच्या तऱ्हा पुष्कळ. हॉटेलात जाण्याआधी ती घरी अर्धी भाकरी खाऊन यायची. "उपाशी माणसानं हाटेलात जाऊ नये, ताट बघून अक्कल जाते." पहिला घास घेतला की डोळे मिटून मिठाची परीक्षा. मिठागरात जन्म गेलेला, तिला मिठातलं सगळं कळायचं. "पुडीतलं हाय," नाक मुरडून म्हणायची, नाहीतर "आपलं हाय, खाडीचं," आणि मग दोन घास जास्त खायची. निघताना आतल्या स्वयंपाक्याला बघितल्याशिवाय बाहेर पडायची नाही. दारातून डोकावून म्हणायची, "बाबा, हात चांगला हाय तुझा." एवढं सांगितलं की ती माणसं लाजायची. आम्हाला मात्र तिने कधी चांगलं म्हटलं नाही. माझी मूर्ती घासून झाली की बोट फिरवायची आणि पुढे सरकवायची, बस. तोंड फटकळ आणि हट्ट मोठा. एकदा एका मालकाने पोऱ्याच्या पाठीत मारलं, तर ही ताटं यायच्या आत उठली आणि आम्हाला तशाच भुकेल्या घेऊन बाहेर पडली. बेबी रस्त्यात कुरकुरली, "तुझं काय, तू अर्धी भाकर खाऊन आलीस." द्वारकाबाय म्हणाली, "म्हणून तर सांगते, खाऊन येत जा."

जनीचं सांगायचं राहिलं. एका हॉटेलात पोऱ्याने आम्हा तिघींना स्टीलचे पेले दिले आणि जनीपुढे कान तुटलेला कप ठेवला. त्याला कोणी शिकवलं असेल ते सगळ्यांना कळत होतं. जनी खाली बघत बसली. द्वारकाबायने पोऱ्याला हाक मारली. म्हणाली, "आम्हाला पण असेच कप दे. चौघींना चार. नसतील तर तिघींचे कान तोडून आण." पोऱ्या मालकाकडे गेला. मालक उठून आला आणि गुपचूप चौथा पेला ठेवून गेला. तेव्हा जनी म्हणाली, "कप पण ऱ्हाऊ दे गो, त्यात च्या जास्त मावतो." आम्ही इतक्या हसलो की माझी पाठ होती तरी सगळं हॉटेल बघत असणार.

चौघींत वाचता येत होतं ते मला एकटीला. त्यामुळे भिंतीवरचा दरांचा फळा वाचायचं काम माझं. "वाच गो सुमन," म्हटलं की मी हळू आवाजात वाचायचे. द्वारकाबायला अक्षर येत नव्हतं, पण एकदा ऐकलेला दर ती विसरत नसे. माझ्या चौथीचा उपयोग आयुष्यात तेवढाच झाला असं मला वाटायचं. आणि त्याच कामात मी चुकले.

त्या वर्षी गणपतीचं काम भरपूर झालं. मालकाने प्रत्येकीला थोडे वरचे पैसे दिले, ते डब्यात टाकले. रोह्याला स्टेशनपासून जवळ एक खानावळ आहे, तिथं सुरमई चांगली मिळते असं द्वारकाबायने ऐकलं होतं. आम्ही पॅसेंजरने रोह्याला गेलो. बेबीने नवी साडी नेसली होती. जनी पहिल्यांदाच रेल्वेत बसली होती, नागोठणं गेलं तरी खिडकीची दांडी सोडत नव्हती.

खानावळ भरलेली होती, बरीचशी धाटावच्या कंपनीची माणसं. भिंतीकडची जागा मिळाली नाही. मी फळा वाचला, सुरमई थाळी चाळीस. त्याच्या खाली बारीक अक्षरात एक ओळ होती, जादा तुकडी पंचवीस. ती मी मनातल्या मनात वाचली. तेवढ्यात शेजारच्या बाकावरचा एक माणूस माझ्याकडे बघायला लागला आणि मी मान खाली घातली.

ताटं आली. पेणच्या खानावळीत भात, आमटी, कालवण मागाल तेवढं मिळायचं. इथंही वाढपी परातीत तळलेली सुरमई घेऊन फिरत होता आणि विचारत होता, "देऊ का मावशी?" द्वारकाबाय म्हणाली, "दे बाबा. मुलींना पण दे." बेबीने घेतली, जनीने घेतली, परत घेतली. जनी म्हणाली, "एवढा मासा मी हळदीत पण खाल्ला नाय." त्यांचे चेहरे असे फुलले होते की काय सांगू. मला बोलायला हवं होतं. दोन शब्द. पण माणसं बघत होती, आणि मला वाटलं वाढपी सांगेल, मग वाटलं आता सांगून काय उपयोग. मी नुसता भात कालवत राहिले.

बिल आलं तीनशे पंच्याऐंशी. डब्यात होते एकशे सत्तर. परतीच्या तिकिटाचे पैसे द्वारकाबायच्या कनवटीला वेगळे होते, ते ती मोजत नव्हती.

गल्ल्यावरचे शेठ तसे वाईट नव्हते. पण त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "बरोबर कोण पुरुष माणूस हाय का?"

बेबी रडायला लागली. शेजारच्या बाकावरचा माणूस उठला आणि म्हणाला, "जाऊ द्या शेठ, बायामाणसं हायत. वरचे मी देतो."

द्वारकाबाय त्याच्याकडे वळली. "भाऊ, तुझं मन मोठं हाय. पण तू पैसे दिलेस तर हे जेवण तुझं झालं. आम्ही आमचं जेवलो." मग शेठला म्हणाली, "दोनशे पंधरा राहिले. मी पेणला गणपतीच्या कारखान्यात काम करते. थोडे थोडे आणून देईन, सगळे देईन."

"पेणवरनं येणार? कोणी येत नाय मावशी."

"लिहून देते. सुमन, लिही."

सगळी खानावळ बघत होती. गल्ल्यावर वाकून मी लिहिलं, आम्ही चौघींनी जेवणाचे दोनशे पंधरा रुपये देणे आहे. देणे हा शब्द चुकला, तो खोडून परत लिहावा लागला. खाली चार नावं घातली. शेठने ती चिठ्ठी बिलांच्या खिळ्याला अडकवली.

 परतताना द्वारकाबायने एकदाही विचारलं नाही की फळा कोणी वाचला होता.

आठ दिवसांत बातमी पेणला पोचली. धाटावची माणसं तिथं रोज जेवत होती, रमेशही अधूनमधून तिथं जायचा. खिळ्यावर आपल्या बायकोचं नाव आहे हे त्याने कोणाच्या तरी तोंडून ऐकलं. त्याने बेबीला बजावलं की यापुढे द्वारकाबायबरोबर कुठं जायचं नाही. कारखान्यात रंगवाले पुरुष हसून विचारायचे, "काय मावशी, आज कुठं उधारी?" ती म्हणायची, "रोह्याला. फिटली की तुला पण नेते." हात चालूच. पण त्या टोमण्यांनी तिला लागत होतं, हे मला शेजारी बसून दिसायचं. ती मूर्ती गरजेपेक्षा जास्त घासायची. एकदा कामावरून सुटताना मला म्हणाली, "पैशाचं नाय गो. चिठ्ठी तिथं राहिली तर उद्या कुठली बाय हाटेलात बसली की लोक आपलं नाव सांगतील."

फेडायचे कुठून? गणपतीनंतर काम बंद, शनिवार बंद, डबा बंद. जनीकडे तर घरीच काही नव्हतं. दिवाळीनंतर द्वारकाबायने भाताच्या कापणीला जाऊन पन्नास रुपये जमवले आणि मला घेऊन रोह्याला गेली. किती दिले ते चिठ्ठीच्या मागे लिहायला मी हवी होते. शेठ चक्रावले. "बसा, चहा तरी घ्या," म्हणाले. ती म्हणाली, "फिटेपर्यंत तुमच्याकडचं पाणी सोडून काय घ्यायचं नाय." आम्ही स्टेशनच्या बाकावर बसून भाकरी आणि लसणाची चटणी खाल्ली.

माघी गणपतीच्या कामाचे पंच्याहत्तर घेऊन दुसऱ्यांदा गेलो. त्या वेळी तिने जाड्या मिठाची एक पिशवी शेठपुढे ठेवली. शेठ म्हणाले, "हे काय, व्याज?" ती म्हणाली, "व्याज नाय. त्या दिवशी कालवणात पुडीचं मीठ होतं. एवढी चांगली सुरमई, तिला हे घाला." शेठ पहिल्यांदा हसले.

परतताना गाडी निडीला थांबली ती थांबलीच, समोरून दुसरी गाडी यायची होती. डब्यात आम्ही दोघीच. माझ्याच्याने राहवेना. मी म्हटलं, "द्वारकाबाय, ती जादा तुकडीची ओळ मी वाचली होती."

ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "माहीत हाय."

"कसं?"

"आम्ही तिघींनी परत परत घेतली. तू एकदा पण घेतली नाहीस."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी विचारलं, "मग तेव्हा बोलली का नाहीस? सगळे तुला हसले."

"तुझ्याच्यानं त्या टायमाला बोलवलं नाय. ते मी चारचौघांत उकरलं असतं तर तुझं तोंड आणखी बंद झालं असतं." मग म्हणाली, "भूक होती, मीच विचारलं नाय. त्या दिवशी गाडीच्या घाईत भाकर खाल्ली नव्हती." आणि हसली.

समोरची गाडी गेली, आमची सुटली. पेण येईपर्यंत तिने मला आपल्या शालीत घेतलं होतं.

राहिले नव्वद. त्यासाठी ती पन्नाशी उलटल्यावर परत मिठागरात गेली. उन्हाळाभर डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहिल्या. मी पाच-दहा रुपये आणून देत होते तेवढे तिने घेतले, पण माझी चूक होती म्हणून सगळे मी देते म्हटल्यावर रागावली. "जेवलो चौघी," म्हणाली. जनीने करवंदं विकून आठ रुपये आणून दिले, तेही तिने मोजून घेतले. बेबीकडे मागितले नाहीत, तिचा वाटा आपल्यात धरला.

पुढचंही इथंच सांगून टाकते. त्यानंतर आम्ही पुष्कळ ठिकाणी जेवलो, बेबीसुद्धा. मी भिंतीकडे तोंड करणं सोडलं आणि फळा सगळ्यांना ऐकू येईल असा वाचायला लागले. चार वर्षांनी द्वारकाबायचा मुलगा तिला आपल्याकडे घेऊन गेला. ती तिकडेच वारली. आम्हाला कळलं तेव्हा दिवसही होऊन गेले होते. मी, बेबी आणि जनी त्या शनिवारी एका हॉटेलात गेलो, मिसळ मागवली आणि तिघींनाही ती संपवता आली नाही. तिचा फोटो माझ्याकडे नाही. आठवण काढली की मला ती रोह्याच्या त्या गल्ल्यापुढे उभी दिसते, वैशाखातल्या त्या शेवटच्या खेपेला.

दुपार कलली होती. पहिली पाळी सुटून आलेली माणसं जेवत होती. मिठाच्या पाण्याने तिच्या टाचा फाटल्या होत्या, चिंध्या बांधून ती चालत होती. आत शिरलो आणि पहिल्यांदा दिसला तो रमेश, चौघांबरोबर बसलेला. मी पदर पुढे ओढला. द्वारकाबायने मात्र त्याच्याकडे बघून मान हलवली आणि गल्ल्याशी गेली.

कनवटीची पुरचुंडी सोडली. नोटा दमट झाल्या होत्या, एकमेकींना चिकटलेल्या. तिने एक एक सोडवून गल्ल्यावर मांडली, वर नाणी. शेठने नजरेनेच मोजले आणि म्हणाले, "बरोबर आहेत मावशी."

"तोंडानं मोजा," ती म्हणाली. "चिठ्ठी सगळ्यांनी बघितली, हे पण ऐकू दे."

शेठ मोजायला लागले. जेवणाऱ्यांचे हात थांबले. रमेश उठून जवळ आला. म्हणाला, "द्वारकाबाय, मला सांगायचंस. बेबीचे मी दिले असते."

"तुझे कशाला? तिला पाठव. ती आपले देईल."

 तो बाकावर परत गेला आणि सरकून आमच्यासाठी दोन माणसांची जागा केली.

"ऐंशी," शेठ म्हणाले. "पंच्याऐंशी. नव्वद." त्यांनी चिठ्ठी खिळ्यावरून काढून माझ्यापुढे ठेवली आणि पेन दिलं. मी खाली लिहिलं, पूर्ण फिटले, बाकी काही नाही. शेठने त्यावर सही केली.